वस्तीतल्या आरोग्याच्या कामासाठी संवादाची साधनं: ठाणे-नवी मुंबईतले नेहमीचे प्रश्न

महिला आरोग्य समितीच्या ताया, गणपती मंडळांची पोरं, एनएसएसचे विद्यार्थी, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि नव्याने काम सुरू करणाऱ्या संस्था जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. दिघा, तुर्भे, कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेट, येऊर अशा वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. आजारावरचा सल्ला इथे शोधू नका, त्यासाठी दवाखाना आहे.

काम सुरू करायचं आहे. आधी पोस्टर छापावीत की व्हॉट्सॲप ग्रुप काढावा?

आधी तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन या. लसीकरण कोणत्या वारी आणि कुठल्या अंगणवाडीत असतं, गरोदर बायकांची तपासणी किती वाजता सुरू होते, थुंकीचा नमुना कुठल्या खिडकीवर घेतात, रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी किती दिवसांच्या मिळतात, हे सगळं एका कागदावर उतरवा. मग तो कागद तिथल्या आरोग्यसेविकेला वाचून दाखवा. बरेचदा ती दोन ओळी तिथल्या तिथे बदलायला लावते, कारण बोर्डावरची वेळ एक आणि प्रत्यक्षातली वेगळी असते. हा कागद पक्का होईपर्यंत छपाईवर एक रुपयाही घालू नका.

हे कडक वाटेल, पण कारण साधं आहे. तुमचा निरोप ऐकून एखादी बाई चार घरची कामं बुडवून, बाळाला कडेवर घेऊन गेली आणि तिला दाराला कुलूप दिसलं, तर पुढच्या वेळी ती तुमचंच काय, वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, म्हणजे आशाताईचंही ऐकणार नाही.

२०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र, २०० ते ५०० घरांमागे एक आशा आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी रचना ठरली. तुमच्या गल्लीत यांपैकी कोण आहे, हे नावानिशी माहीत करून घ्या. कागदावरच्या संपर्कयादीत नाव असणं आणि गल्लीतल्या बायका जिला हाक मारतात ती बाई असणं, यात फरक असू शकतो.

निरोप लिहायचा कसा? आमचे निरोप कुणी वाचत नाही.

बहुतेक निरोप असे असतात: "आपल्या बालकांचे वेळेवर संपूर्ण लसीकरण करून निरोगी समाज घडवूया." यात चूक काहीच नाही आणि उपयोगही नाही. हे वाचून उद्या सकाळी कुठल्या दारात उभं राहायचं ते कळत नाही.

आता हा निरोप बघा: "बुधवारी सकाळी १० ते १, गणपती मंदिरामागच्या अंगणवाडीत लहान मुलांच्या लसी. पैसे लागत नाहीत. लसीचं कार्ड आणा, हरवलं असलं तरी या. बाळाला थोडी सर्दी असली तरी घेऊन या, नर्सताई बघून सांगतील."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. कार्ड हरवलंय म्हणून ओरडा बसेल, ही भीती आणि सर्दी झालीय म्हणून लस नको, हा समज, या दोन कारणांनी कितीतरी बाळं घरी राहतात. साध्या सर्दीत लस टाळायची गरज नसते. निरोप लिहिण्याआधी चारपाच घरी विचारा, "मागच्या वेळी का नाही आलात?" त्याचं उत्तर जे येईल तेच तुमच्या निरोपातलं वाक्य.

एका निरोपात एकच काम सांगा. लसीकरण, डेंग्यू, आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) आणि रक्तदान एकाच पानावर घातलं की वाचणारा त्यातलं एकही करत नाही.

व्हॉट्सॲपवर ग्रुप बरा की ब्रॉडकास्ट लिस्ट?

कोणासाठी, यावर आहे. कार्यकर्त्यांच्या आपसातल्या कामासाठी ग्रुपच हवा. वस्तीतल्या लोकांसाठी मात्र ग्रुप काढताना दहादा विचार करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. नवीन सून ग्रुपमध्ये आली आणि दोन दिवसांनी तिला अनोळखी माणसाचे "हाय" यायला लागले, की घरचे तिचा फोनच काढून घेतात. शिवाय तिसऱ्या दिवसापासून सुप्रभात, देवांचे फोटो आणि वॉर्डातलं राजकारण सुरू होतं. ग्रुप काढलाच तर फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी सेटिंग ठेवा आणि प्रश्न खासगीत पाठवायला सांगा.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ जण बसतात आणि कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. अडचण एकच: ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून घरभेटीला गेल्यावर तिथेच, तुमच्यासमोर, नंबर सेव्ह करून घ्या. नाव सोपं सांगा, "आरोग्य ताई तुर्भे" असं काहीतरी. व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप घेतलंत तर नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात आणि लोकांना लेबल लावता येतात: गरोदर, लहान बाळ, रक्तदाब. त्या लेबलांचं काय करायचं नाही, ते पुढे गुप्ततेच्या प्रश्नात वाचा.

आणि कृपा करून पीडीएफ पाठवू नका. ती उघडायला डेटा जातो, फोन भरतो, आणि अक्षर वाचायला बोटांनी मोठं करत बसावं लागतं. पाऊण मिनिटाची आवाजी नोंद (व्हॉइस नोट) पाठवा. ओळखीच्या ताईचा आवाज असला तर ती ऐकली जाते, सासूलाही ऐकवली जाते. मागे कुकरची शिट्टी वाजली तरी हरकत नाही. स्टुडिओत मुद्रित केलेला, रेडिओसारखा आवाज ऐकून लोकांना जाहिरात वाटते.

फोन नवऱ्याकडे असतो, दिवसभर तो कामावर. मग?

हे फार घरांत आहे. रात्री आठनंतर निरोप पाठवा, तेव्हा फोन घरात असतो. मजकूर असा ठेवा की नवऱ्याने वाचला तरी चालेल, किंबहुना त्याने वाचावा आणि बायकोला सांगावा. नाजूक विषय फोनवर पाठवूच नका, त्यासाठी घरभेट किंवा दुपारी नळावर भेट.

साध्या फोनसाठी मराठीत एसएमएस पाठवता येतो का?

येतो, पण दोन गोष्टी आधी कळल्या पाहिजेत. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरखुणा मावतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, जागा हे सगळं त्या सत्तरात मोजलं जातं. त्यापुढे गेलात की तो दोन एसएमएसचा होतो आणि पैसेही दोनाचे लागतात. "बुध १०-१ अंगणवाडी, मंदिरामागे. बाळाची लस मोफत." हे सत्तरात बसतं.

दुसरं, कंपनीकडून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी लागते: संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीसुद्धा. साचा मंजूर झाल्याशिवाय निरोप जात नाही. म्हणून "उद्याच शिबिर आहे, आज एसएमएस टाकू" हे जमणार नाही. दोनतीनशे घरांसाठी हा खटाटोप आम्हाला तरी परवडत नाही. तेवढ्यात दोन मुली बसून फोन करतात आणि फोनवर समोरच्याची शंकाही कळते.

किलकारी म्हणजे काय? ते आमच्या वस्तीत वापरता येईल?

केंद्र सरकारची मोफत फोनसेवा. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ आवाजी निरोप नोंदवलेल्या मोबाइलवर येतात. महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये सुरू झाली. साध्या फोनवर चालते, वाचता येण्याची गरज नाही. तुमचं काम दोन गोष्टींचं: गरोदरपणाची नोंद करताना चालू असलेला नंबर दिला गेलाय ना ते बघणं, आणि अनोळखी नंबर म्हणून फोन कापू नका हे सांगणं. सिमकार्ड सतत बदलणाऱ्या घरांत ही सेवा मधेच तुटते, तिथे आशाताईला नवा नंबर कळवायला लावा.

रिक्षावरचा भोंगा अजून चालतो का?

चालतो, आणि चांगला चालतो, पण सपाट वस्तीत. दिघ्याच्या टेकडीवरच्या चाळींत किंवा मुंब्र्याच्या डोंगराकडच्या घरांकडे रिक्षा जात नाही, तिथे हातातला मेगाफोन घेऊन चढावं लागतं. मजकूर तीस सेकंदांचा ठेवा, वार आणि जागा दोनदा सांगा. चालत्या रिक्षातून ऐकणाऱ्याच्या कानावर जेमतेम दोन वाक्यं पडतात, हे लक्षात घेऊन महत्त्वाचं आधी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येतो. पोलिसांची परवानगी घ्या, पत्राची एक प्रत रिक्षात ठेवा.

पोस्टर कुठे लावावं, कसं असावं?

जिथे माणूस थांबतो तिथे. पिठाची गिरणी, रेशन दुकान, नळाचा कोपरा, रिक्षा स्टँड, किराणा दुकानाच्या वजनकाट्यामागची भिंत, सार्वजनिक शौचालयाबाहेरची रांग. कुटुंब नियोजन किंवा पाळीतल्या त्रासाचं पत्रक बायकांच्या शौचालयात दाराच्या आतल्या बाजूला लावावं. तिथे ते निवांत, कुणी बघत नसताना वाचता येतं. मुख्य रस्त्यावरचं मोठं फ्लेक्स हे आमच्या मते बऱ्यापैकी वाया जाणारं खर्चिक साधन आहे. त्यावरचे फोटो मान्यवरांचे असतात आणि शिबिराची वेळ खाली, टाचणीच्या अक्षरात. शिवाय विनापरवाना फ्लेक्स लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात बसतं, ती कटकट वेगळीच.

अक्षर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, आणि "दोन गोळ्या"चं काय होईल सांगता येत नाही. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि लांबून वाचता येतात. तरी छापायला टाकण्याआधी प्रेसमधला शेवटचा नमुना कागदावर काढून बघा.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. डासाचं दारभर मोठं चित्र बघून "आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत" असं म्हणणारे लोक आहेत, आणि ते थट्टा करत नसतात. चित्रांची मालिका काही जण डावीकडून उजवीकडे वाचतात, उर्दू वाचणारे उजवीकडून, म्हणून पायऱ्यांना आकडे घाला. फुलीचा अर्थ "करू नका" असा प्रत्येकाला लागत नाही. सोफा, गॅसचा ओटा, बाटलीतलं पाणी असं घर दाखवलंत तर दहा बाय दहाच्या खोलीतली बाई ते चित्र स्वतःचं मानत नाही. उपाय स्वस्त आहे: चित्राची झेरॉक्स घ्या, वस्तीतल्या पाच बायकांना दाखवा, "यात काय चाललंय?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. तिघींनी वेगळंच सांगितलं तर चित्र बदला.

पावसाळ्यात कागद टिकत नाही. जून ते सप्टेंबर दुकानांच्या आतली जागा मागा, किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

एकाच वस्तीत चार भाषा आहेत. मराठीत छापायचं की हिंदीत?

मुंब्रा-कौसा भागात हिंदी आणि उर्दू लागते. तुर्भ्याच्या बाजूच्या दगडखाणींच्या वस्त्यांत वडार कुटुंबांची घरची बोली तेलुगूला जवळची आहे. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात आगरी-कोळी बोली कानावर पडते, येऊरच्या पाड्यांवर वारली. कंपन्यांच्या पट्ट्यात भोजपुरी बोलणारे खूप. इतक्या भाषांत छापत बसलात तर पैसे संपतील. छापील पत्रक एक किंवा दोन भाषांत, चित्र मोठं, मजकूर कमी. आणि आवाजी नोंद मात्र प्रत्येक बोलीत, तिथल्याच बाईच्या तोंडून. त्याला खर्च काही नाही.

फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवर औषधाचा मजकूर सोडू नका. भाषांतर झालं की दुसऱ्या व्यक्तीला ते परत मराठीत सांगायला लावा, गडबड तिथेच पकडली जाते. आकड्यांचंही पाहा: बरेच जण फोनवरचे रोमन आकडे ओळखतात, देवनागरी अडखळत वाचतात. फोन नंबर दोन्हींत छापा.

घरभेटीत फ्लिपचार्ट (चित्रांची उलटायची पानं) उघडला की बायका कंटाळतात. दुसरं काय न्यावं?

वस्तू न्या. जुलाबात द्यायच्या ओआरएसचं (क्षार-साखरेच्या पुडीचं) पाकीट आणि लिटरची रिकामी बाटली पिशवीत असली की पुरे.

पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलेलं असतं, तरी घरोघर पाहाल तर अर्धं पाकीट पेल्यात टाकून उरलेलं "उद्यासाठी" मुडपून ठेवलेलं असतं. व्याख्यान देऊन हे सुटत नाही. त्या घरातलंच भांडं मागा, तुमच्या बाटलीने लिटरभर पाणी त्यात ओता, आणि पाणी जिथवर आलं तिथे खिळ्याने खूण करायला सांगा. आता त्या घरात लिटर म्हणजे काय ते कायमचं ठरलं. मग तिच्या हातून अख्खं पाकीट एकदम टाकून घ्या. केलेलं पाणी २४ तासांत वापरायचं, उरलं तर ओतून द्यायचं. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या, हे सांगताना गोळ्यांची पट्टी हातात धरून चौदा मोजून दाखवा.

निघताना "कळलं ना?" विचारू नका. त्याला उत्तर "हो" हेच असतं, पाहुण्याला कोण नाही म्हणणार? त्याऐवजी म्हणा, "ताई, आता सासूबाई घरी आल्या की त्यांना कसं सांगाल, मला एकदा सांगून दाखवा." ती जे सांगेल त्यात कुठे घसरतंय ते कळतं. घसरलं तर दोष आपल्या सांगण्याचा, हे तोंडाने बोलून दाखवावं, म्हणजे तिला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

लोहाच्या गोळ्यांसाठीही हीच रीत: चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, शौचाला काळं होईल त्याला घाबरायचं नाही. हे तिसरं आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या खिडकीतून बाहेर.

पुरुषांपर्यंत कसं पोचायचं? शिबिराला फक्त बायका येतात.

शिबिर सकाळी ११ ला ठेवलं तर दुसरं काय होणार! वेळ आणि जागा त्यांची घ्या. वाशीच्या एपीएमसीत भाजीपाल्याचा बाजार पहाटेआधीच सुरू होतो, माथाडींना गाठायचं तर गाड्या रिकाम्या झाल्यावरच्या चहाच्या वेळी. नाका कामगार सकाळी कामाची वाट पाहत उभे असतात, तिथे पाच मिनिटं मिळतात. कंपन्यांच्या पट्ट्यात शिफ्ट बदलताना गेटबाहेर. भाषण नको, रक्तदाबाचं यंत्र न्या. दंडाला पट्टा बांधला की माणूस आपणहून बोलायला लागतो, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, हा टीबीसाठीचा प्रश्न तिथे सहज विचारता येतो.

गणपती, नवरात्र, हळदीकुंकू यांचा उपयोग करावा का?

जरूर. संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून नखं कापायचं यंत्र, झाकणाचा डबा, सॅनिटरी पॅड दिलेले आम्ही पाहिले आहेत. सगळ्या वयाच्या बायका एका जागी बसलेल्या, यासारखी संधी नाही. फक्त तिथे वीस मिनिटांचं व्याख्यान झोडू नका, दोन मिनिटं बोला आणि प्रश्न घ्या. विधवा बायकांना बोलावणं आहे का ते आयोजकांना आधी विचारा, नसेल तर कार्यक्रमाला दुसरं नाव द्यायला सुचवा.

पथनाट्याबद्दल आमचं मत जरा वाईट आहे. पोरं मेहनत घेतात, लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. नाटक संपल्या संपल्या तिथेच टेबल टाकून नर्सताई बसलेली असेल, नाव नोंदवता येत असेल, तरच करा. मुंब्र्यात रमजानमध्ये संध्याकाळच्या बैठका ठेवू नका, आणि मधुमेहाच्या रुग्णांनी रोजाआधी डॉक्टरांना विचारावं हा निरोप महिनाभर आधी द्या.

लसीबद्दल अफवा पसरली आहे. काय करावं?

अफवेचाच मेसेज लाल फुली मारून पुढे पाठवायचा, हे पहिलं करू नये ते काम. ज्यांनी ती ऐकली नव्हती त्यांनाही ती ऐकू जाते, आणि फुलीपेक्षा अफवाच लक्षात राहते.

२०१८ च्या अखेरीस राज्यात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, तेव्हा ही लस घेतली की पुढे मूल होत नाही असे मेसेज फिरत होते. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगाव भागांत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हाही लस न घेतलेली मुलं शोधताना तीच जुनी भीती दारात भेटत होती. तेव्हा उपयोगी पडली ती माणसं: मशिदीचे मौलाना, गल्लीतले डॉक्टर ज्यांच्याकडे लोक रोज औषधाला जातात, आणि स्वतःच्या नातवाला लस दिलेली आजी. यांची यादी अफवा उठण्याआधी तयार हवी. ऐन वेळी मौलानांच्या ओळखीचा माणूस शोधत फिरलात तर उशीर झालेला असतो.

उत्तर द्यायचं तर त्याच दिवशी, आवाजात, आणि सुरुवात खऱ्या गोष्टीने. "लस दिल्यावर एकदोन दिवस ताप येऊ शकतो, दंड किंवा मांडी दुखू शकते. ताप जास्त असला, बाळ सुस्त पडलं, तर लगेच दवाखान्यात या, मी बरोबर येते." त्रास आधी सांगितला की लोक बिथरतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट, न सांगता ताप आला की लोक बिथरतात. उत्तर माहीत नसेल तर "विचारून संध्याकाळी सांगते" म्हणा, आणि संध्याकाळी खरंच सांगा.

व्हॉट्सॲपने २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलंय. दुहेरी बाणाची खूण दिसली की सावध व्हा, एवढं शाळेच्या पोरांना शिकवा. घरात फोनचे तज्ज्ञ तेच असतात.

पावसाळ्यासाठी काय तयार ठेवावं?

निरोप मे महिन्यातच लिहून, आवाजात भरून ठेवा. पाणी तुंबल्यावर लिहीत बसायला वेळ नसतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची. आता वस्तीत पाणी ठरावीक वेळीच येतं, पिंप रिकामं करा म्हटलं की बायका हसतात, आणि बरोबर हसतात. तिथे निरोप बदला: पिंपाला जुन्या साडीचा दुहेरी तुकडा घट्ट बांधा, पाणी संपत आलं की तळ घासून मग भरा. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोसाठी (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) लगेच दवाखाना दाखवा. गोळी डॉक्टर देतील, मेडिकलमधून आणायची नाही.

गुप्ततेचं एवढं काय? आमची वस्ती लहान आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

म्हणूनच. टीबीच्या रुग्णांची यादी ग्रुपवर टाकली गेली तर त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं, भाड्याची खोली जाते. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून लोकांची माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घेण्याची सवय लावून घ्या.

रोजच्या कामात याचा अर्थ असा: व्हॉट्सॲपवरच्या लेबलांचे स्क्रीनशॉट कुणाला पाठवायचे नाहीत. पाकिटावर, पिशवीवर आजाराचं नाव नको. "टीबीवाल्या ताई" अशी ओळख होईल असा ॲप्रन घालून गल्लीत फिरू नका. दुसऱ्याने फोन उचलला तर "दवाखान्यातून" एवढंही न म्हणता, "ताई आल्या की मला फोन करायला सांगा" म्हणा. आणि शिबिरात पाळण्यातल्या बाळांचे, सलाईन लागलेल्या आजींचे फोटो काढून स्टेटसला ठेवणं बंद करा. देणगीदाराला फोटो हवा असेल तर रिकाम्या खुर्च्या लावतानाचा कार्यकर्त्यांचा पाठवा.

पत्रकावर कोणते नंबर छापावेत?

रुग्णवाहिका १०८. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांच्या वाहनासाठी १०२. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. एचआयव्हीबद्दल १०९७, टीबीसाठी निक्षय १८००-११-६६६६, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, इतर कुठल्याही तातडीला ११२. एका पत्रकावर सगळे छापू नका, विषयाला लागतील ते दोन घ्या आणि तिसरा आशाताईचा, तिला विचारून. छापण्याआधी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा.

तयार साहित्य कुठे मिळतं? पैसे कुठून आणायचे?

राष्ट्रीय आरोग्य अभियान, पुण्यातला राज्याचा आरोग्य माहिती-शिक्षण-संपर्क विभाग आणि युनिसेफ यांचं मराठी साहित्य उपलब्ध असतं. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे छापील गठ्ठे पडून असतात, मागितले तर मिळतात. जुना गठ्ठा घेताना तारीख बघा. उदाहरणार्थ टीबी रुग्णाला पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाली, जुन्या पत्रकावर ५००च असेल. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५००० रुपयांचा, ठरावीक कामाला न बांधलेला निधी असतो. तो समितीच्या ठरावाने खर्चायचा, तुमच्या संस्थेच्या बॅनरसाठी नाही.

आशाताईंनाच सगळं करायला सांगितलं तर?

त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक मिळतो, वर रजिस्टर, वर ॲप. तुमचं आणखी एक ॲप त्यांच्या फोनमध्ये घालू नका. त्यांच्या कामातलं काही उचलता येत असेल तर उचला, जसं की लसीकरण सत्राच्या आदल्या संध्याकाळी फोन करणं.

आमच्या निरोपाचा उपयोग झाला, हे कसं ओळखायचं?

किती पत्रकं वाटली, किती जणांनी मेसेज पाहिला, हे आकडे अहवालात बरे दिसतात. त्याऐवजी लसीकरणाच्या दिवशी दाराशी एक जण वही घेऊन बसवा आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारा: "आज आहे हे कुणी सांगितलं?" शेजारीण, आशाताई, फोन, भोंगा, पोस्टर, अशा रकान्यांत रेघा ओढा. चार सत्रांत चित्र स्पष्ट होतं. बऱ्याच वस्त्यांत शेजारणीचा रकाना सगळ्यांत पुढे निघतो. तसं झालं तर पोस्टरचे पैसे वाचवून त्या चार बोलक्या शेजारणींना नीट माहिती द्या.

मग न आलेल्यांची यादी काढा. पोलिओच्या मोहिमेत घराघरावर खडूने खुणा करायचे: सगळ्या मुलांना डोस मिळाला तर "पी", मूल राहिलं तर "एक्स", आणि एक्सच्या घरी पथक परत जायचं. तुम्हाला दारावर खडू ओढायची गरज नाही, वहीत खूण पुरे. एक्सच्या घरी दुसऱ्या वेळी तोच निरोप घेऊन जाऊ नका. का जमलं नाही ते विचारा, ते वहीत त्याच ओळीत लिहा, आणि महिनाअखेरीला आरोग्यसेविकेबरोबर बसून ती पानं वाचा. निम्मी कारणं सत्राची वेळ किंवा जागा बदलून सुटणारी असतात, आणि ती बदलायची तर केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जाला वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.